मजकूर तुझा, मांडणी माझी

६ नोव्हेंबर
कुंडीपाडा, ता. धडगाव

भरतदादा,

पान एकतीस उघड. आधी पान उघड, मग पुढचं वाच.

उघडलंस? वरचं नाव वाच. रामसिंग पावरा, आपला बाप. नदीकाठचं शेत, त्याच्या चारी हद्दी, म्हाताऱ्यांची साक्ष, सगळं ठीक. आता खाली ये. 'जमीन दुसरी' असं छापलंय ना? त्याखाली काय आहे? टेकावरचं शेत. वर सागाचा माळ, खाली झऱ्याची वाट, कडेला मोहाची दोन झाडं. हे शेत कुणाचं आहे रे? बाबा त्या टेकावर शेवटचे कधी चढले, ते त्यांना तरी आठवतं का?

आईचं शेत बाबांच्या नावाखाली छापलं गेलंय. आईचं स्वतःचं पान नाहीच. आपण बनवलेलं घरोघरच्या जमिनींचं गावपुस्तक मी उलटून पालटून पाहिलं. कालीबाई हे नाव एकाच ठिकाणी सापडलं, त्याच पानाच्या तळाला, बारीक अक्षरात. 'कसणारे: कालीबाई.' म्हणजे बाबांच्या जमिनीवरची मजूर!

सोळा तारखेला, रविवारी, ग्रामसभा आहे. प्रत्येक घराचं पान मोठ्याने वाचायचं, ज्याने त्याने सही नाहीतर अंगठा द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक वनजमिनीच्या दाव्यांना जोडून तालुक्याला जायचं. मंगळवारी ऊसतोडीचे ट्रक येतात. मग गावात फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या उरतात, होळीपर्यंत सभा भरत नाही. रविवारी हेच पान वाचलं गेलं आणि त्यावर बाबांची सही झाली, तर आईचं शेत गेलं. कळतंय का तुला?

मी माझा मजकूर तपासला. आईची फाइल टाइप केली होती तशीच आहे. मग ती बाबांच्या पानावर कशी जाऊन बसली? गडबड मांडणीच्या फाइलीत आहे आणि ती फाइल तुझी. तिला हात लावायचा नाही असं तूच मला बजावलंस, आणि मी मूर्खासारखी ऐकत आले.

सुरुवातीला मी सगळं वर्डमध्ये करायची, आठवतं? नाव मधोमध आणायला स्पेसबार दाबत बसायची. वाहरूआजाच्या पानात एक ओळ वाढली की झिपरूकाकाचा फोटो उडी मारून पुढच्या पानावर. तू पोट धरून हसलास. मग लॅपटॉपवर लेटेक नावाचं पुस्तक मांडायचं सॉफ्टवेअर टाकलंस. फुकटचं आहे, कुणाला विचारायला नको, म्हणालास. आणि शिकवलंस, तू फक्त काय आहे ते सांग. हे नाव, ही हद्द, ही साक्ष. ते दिसणार कसं, किती मोठं, पानावर कुठे, ते वेगळ्या फाइलीत एकदाच लिहायचं, की सगळ्या घरांची पानं आपोआप सारखी. मजकूर तुझा, मांडणी माझी. मला ते फार आवडलं होतं. खोटं कशाला बोलू?

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतोस. म्हणून हा मेल. घरी टाइप करते आणि पाठवायला आईच्या शेताच्या बांधावर चढते, रेंज अजून तिथेच येते. होळीचं भांडण होळीला काढू. आत्ता पान दुरुस्त कर. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

जागृती

ता. क. पत्र साध्या मजकुरात आहे. सजवायचं तर तू सजव, पुण्यात तुला त्याचाच पगार मिळतो.


९ नोव्हेंबर

दादा,

आईला कळलं. मी नाही सांगितलं, बाबांनी सांगितलं.

छापलेली एक प्रत वाहरूआजाच्या घरी ठेवली होती, ज्याला बघायची त्याने सभेआधी बघावी म्हणून. बाबांनी कुणाकडून तरी वाचून घेतली. आणि काल सकाळी आपल्या अंगणात हजर! आपण तिघं या झोपडीत आलो तेव्हापासून ते पहिल्यांदाच इथवर आले. खाटेवर बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत.

आई ज्वारी पाखडत होती. बाबा म्हणाले, "काली, टेकावरचं माझ्यात धरलंय. बरं झालं. एकट्या बाईच्या नावावर कशाला ती भानगड?"

"कोणी धरलं?" आईने विचारलं.

"पुस्तकानं. तुझ्याच पोरानं बनवलंय ना? आता छापलंय ते छापलंय."

मी मध्ये तोंड घातलं तर मला म्हणाले, "तू गप. तुला काय कळतं?" सगळं पुस्तक माझ्या बोटांनी टाइप केलंय आणि मला काय कळतं! माझं डोकं असं फिरलं की आईने हात धरला नसता तर पाण्याचा तांब्या मी त्यांच्या अंगावरच ओतला असता.

ते गेले. आई पाखडतच राहिली. मग सूप खाली ठेवून तिने विचारलं, "भरतला माहीत होतं का?" मी म्हटलं, नसेल, कामाच्या घाईत राहून गेलं असेल. आता तू सांग, मी खरं बोलले की खोटं?

कारण घोळ कुठे आहे ते मी शोधून काढलंय. मांडणीची फाइल उघडली. ओरडू नकोस, फक्त वाचली. प्रत्येक घराचं पान \घरधनी या आज्ञेने उघडतं. तिथे नाव असलं की नवं पान. तिथे रिकामं असलं की तू धरून चालतोस, ही मागच्याच घरधन्याची दुसरी जमीन. झिपरूकाकाच्या जमिनीचे तुकडे विखुरलेले आहेत, त्यांच्यासाठी ही सोय केली असशील. आणि आईच्या फाइलीत घरधनी मी रिकामा ठेवला होता. काय लिहिणार होते मी? तिच्या घरात घरधनी नाहीच. घरं आपण वस्तीच्या ओळीने घेतली, आणि आईच्या आधीचं घर बाबांचं.

म्हणजे जिथे बाई एकटी राहते आणि एकटी शेत कसते, असं घरच तुझ्या मांडणीत नाही. अरे, तू वाढलास कुठे? बाबांनी रेवाबाईला आणलं आणि आई आपल्या दोघांना घेऊन टेकाखाली आली, तेव्हा झोपडीला दारसुद्धा नव्हतं. गोणपाट लावून झोपायचो. मुंबईच्या एखाद्या माणसाने ही मांडणी केली असती तर मी समजू शकले असते. तू कशी केलीस?

पुस्तक छापायला शहाद्याला धनुबाईच्या दुकानात गेले होते. पानं बघून ती म्हणाली, "तुन्हा भाऊ कोठे शे वं? पुस्तक भारी बनाडं त्यानी." मी अशी फुगले की बसमध्ये दोन जणांना दाखवत आले. पान एकतीस तेव्हा उघडलंच नव्हतं.

आणि होळीचंही आता काढतेच. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला तू आलास आणि उतरलास बाबांकडे. आईने तुझ्यासाठी कोंबडा राखून ठेवला होता. शेवटच्या दिवशी तोंड दाखवलंस आणि काय म्हणालास? "आई, पुरे झालं आता. परत जा त्या घरी. दोघी राहतात की पुष्कळ घरांत." आईने तुझी पिशवी उचलून वाटेवर ठेवली. तेव्हापासून तू नाहीस. तिने पुन्हा कोंबडा राखलेला नाही. पण कोंबड्या विकायची वेळ आली की एक बाजूला ठेवते आणि का ठेवलीस विचारलं की चिडते.

मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. तुला माहीत होतं का?

जागृती


१३ नोव्हेंबर

भरत,

आज दादा म्हणवत नाही.

तुझं उत्तर बांधावर उभी राहून वाचलं. "पाहिलं होतं. मागच्या महिन्यातच लक्षात आलं. वाटलं, पानावर तरी दोघं एकत्र राहू देत. तिचं म्हातारपण कोण बघणार?" एवढंच. खाली नावसुद्धा नाही.

म्हणजे झालं ते असं. आधी चूक झाली, आणि मग ती तुला आवडली.

शाबास रे! आईबापांचं तुटलेलं तू पुण्यात खुर्चीवर बसून जुळवलंस, आणि तेही आईला न विचारता. तिचं म्हातारपण कोण बघणार? ते शेत बघणार! आजवर तिला कुणी बघितलं? बाबांनी? तू? ज्वारी, तूर, मोहाची फुलं, तुझी शहाद्याच्या वसतिगृहातली पेटी, माझी पुस्तकं, सगळं त्या टेकावरून उतरलं. आणि तेच तू काढून बाबांच्या पानात घातलंस, ती एकटी पडू नये म्हणून. लाज वाटते मला तुझी. रागावूनच लिहितेय हे, पण उद्या राग उतरला तरी पुसणार नाही.

आईने संध्याकाळी विचारलं, "भरतचं काही आलं?" मी म्हटलं, रेंज नव्हती. बांधावरून खाली येऊन रेंज नव्हती! तिने मान हलवली आणि भाकऱ्या थापायला बसली.

आता ऐक. मांडणीला मी हात लावला.

दोन दिवस रडकुंडीला आले. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला तर पुस्तकच निघेना, नुसत्या लाल ओळींवर लाल ओळी. तो बंद केला तर सगळा पाडा एका पानावर! झिपरूकाकाच्या फोटोवर वाहरूआजाची साक्ष. तुझी मूळ फाइल बाजूला काढून ठेवली होती म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता आलं. तुझ्यासारखं शिक्षण मला नाही, पण वाचता येतं आणि चिकाटी आहे.

पान आता घरधन्याने उघडत नाही. कसणाऱ्यांनी उघडतं. ती ओळ प्रत्येक घराच्या मजकुरात आधीपासून होतीच, तू ती तळाला बारीक अक्षरात टाकली होतीस. मी वर आणली आणि ठळक केली. बदल एकाच ठिकाणी, आणि बटण दाबल्यावर गावचं गाव बदललं. रामसिंग आणि रेवाबाई. झिपरू आणि फुलवंताबाई. आईचं नवं पान आलं, बत्तिसावं, आणि पुढची सगळी पानं आपोआप एकेक सरकली. प्रत्येक घरावर बाईचं नाव पुरुषाच्या बरोबरीने आलं. मी मजकुरातलं एक अक्षर बदललेलं नाही, लोकांनी सांगितलं तेच आहे.

बरं, एका ठिकाणी बदललंय. आईच्या पानावर. काय, ते तुला सांगणार नाही.

रविवारी पुरुष काय म्हणतील कुणास ठाऊक. वाहरूआजा अध्यक्ष, तो कुणाच्या बाजूने बोलेल ते कधीच कळत नाही. सभेने पुस्तक फेकून दिलं तर कुणाचाच दावा जाणार नाही आणि ट्रक निघून जातील. आईच्या एका पानासाठी मी सगळ्यांची पानं पणाला लावली आहेत. मला भीती वाटतेय, दादा. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? बाकी कुणाला लेटेक म्हणजे काय तेही माहीत नाही.

जागृती


१७ नोव्हेंबर

भरतदादा,

सभा झाली. सांगते, पण ओळीने सांगू दे, मध्ये विचारू नकोस.

शाळेसमोर चिंचेखाली सगळे बसले. वाचायला मीच. पहिलं पान वाचलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. झिपरूकाकाच्या पानापाशी काका उठले. "घरधनी कुठे गेला? मालकाचं नाव आधी घ्यायचं सोडून ही कुठली नवी रीत?" झालं, सगळे एकदम बोलायला लागले. बाबा उभे राहून ओरडले, "पोरानं बनवलेलं पुस्तक काढा. या पोरीनं खोडी केलीय. ते नाही तर सही नाही!" मागून आणखी दोघं म्हणाले, सही नाही. मी वाहरूआजाकडे पाहिलं, तर आजा जमिनीकडे बघत बसलेला.

मग फुलवंताकाकी बोलली, तीसुद्धा बसल्या जागेवरून. "ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरता. मी नसले तर मुकादम उचल देत नाही. तिथे मी लागते आणि इथे नाव आलं की पोटात दुखतं होय?" बायका हसल्या. काका बसले, पण बाबा बसले नाहीत.

"तुझं पान वाचू का?" मी बाबांना विचारलं. आणि वाचलं. कसणारे: रामसिंग, रेवाबाई. नदीकाठचं शेत. इथे पान संपलं.

"टेकावरचं कुठंय?" बाबा म्हणाले.

तेवढ्यात रेवाबाई उठली. तिचं तोंड मी आजवर धड बघितलं नव्हतं, बघायचंच नव्हतं मला. ती म्हणाली, "वरचं परत वाच." मी वाचलं. "हे माझं नाव? त्यांच्या शेजारी?" हो म्हटलं. "मग राहू दे असंच. टेकावरचं मी एक दिवस कसलेलं नाही, यांनीही नाही. ते आमच्यात कशाला?" आणि बाबांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. ते बसले रे! त्यांच्याच घरातून असं येईल असं त्यांना वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. वाहरूआजाने हात वर करायला सांगितले. बायकांचे सगळे आले, पुरुषांचे अर्ध्याहून जास्त. आजाचाही आला.

तिथेच संपायला हवं होतं. पण मग आईचं पान.

मी वाचलं. कसणारे: कालीबाई. मुलं: जागृती. वर सागाचा माळ, खाली झऱ्याची वाट. शाई तयार होती, आईच्या अंगठ्याला लावलीसुद्धा. तिने अंगठा वरच धरला.

"थांब. एक नाव राहिलं."

आता तुला कळलं ना मी काय बदललं होतं? तुझं नाव काढलं होतं. मला वाटलं, तिला वाचता येत नाही, ऐकताना लक्षात येणार नाही. माझ्यासारखी गाढव मीच.

वाहरूआजा म्हणाला, "काली, पोरगा इथं राहत नाही. त्याच्याच पुस्तकानं तुझं शेत चाललं होतं. अंगठा दे आणि मोकळी हो."

आईने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर विचारलं, "त्याला माहीत होतं ना?" मी मान खाली घातली. खोटं बोलायचं होतं, जमलं नाही.

"हं," आई म्हणाली. "तरी लिही."

मी म्हटलं, "मुलांच्या ओळीत टाकते."

"तिथे नको. वर टाक, माझ्याशेजारी. शेत काढलं तेव्हा नुसता दगड होता. मी खणायची आणि हा एवढासा पोरगा फडक्यात दगड बांधून पाठीवरून न्यायचा. खांद्याला वळ उठायचे. बांध त्याच्या दगडांचा आहे. मी एकटीनं कसलं असं लिहिलंत तर ते खोटं होईल, मी अंगठा देणार नाही."

कुणीतरी म्हणालं, पेनाने लिहून टाका. आईला तेही चालेना. "सगळ्यांचं छापलेलं आणि माझ्या पोराचं पेनानं का?" आणि नेमकी वीज गेली. शाळेचा प्रिंटर बंद. माणसं उठायला लागली, ट्रकची बांधाबांध राहिली होती, पुरेशी माणसं उरली नाहीत तर सभाच मोडणार. मी आईच्या पाया पडायची बाकी होते. देऊन टाक गं अंगठा, नंतर बघू. ती शाईचा अंगठा तसाच वर धरून बसलेली. शेवटी वाहरूआजा काठी आडवी धरून वाटेत उभा राहिला. "कुणी जायचं नाही. तिचा अंगठा झाल्यावर जा." बाबासुद्धा थांबले.

वीज आली तेव्हा उन्हं कलली होती. मी तुझं नाव टाइप केलं, आईच्या नावापुढे. नाव कितीही लांब असलं तरी ओळ आपोआप नीट बसते, हे तूच शिकवलंस. मोठ्या अक्षरात छापून आलं. कसणारे: कालीबाई, भरत. आईने विचारलं, यातलं त्याचं कुठलं? मी बोट ठेवून दाखवलं. त्याला शाई लागू नये म्हणून तिने अंगठा जरा खाली टेकवला.

आज सकाळी पुस्तक तालुक्याला गेलं. पुढे काय होईल ते होईल.

मी अजून रागावलेली आहे. तेरा तारखेचं पत्र मागे घेत नाही. पण आईला विचारलं, भरतला काय लिहू, तर ती म्हणाली, "त्याला म्हण, मोहाच्या अंगाला बांध ढासळलाय. मला ते मोठे दगड आता उचलत नाहीत."

फाइल जोडली आहे. पान बत्तीस उघड. मग फोन कर. मी बांधावरच बसून हे पाठवतेय आणि आई शेजारी बसली आहे. माझा फोन तिच्याजवळ दिलाय.

जागृती